न बोलणारी चक्की

आपली चक्की बोलत नाही, असं कानवाले छातीठोकपणे सांगायचे, आणि खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात लबाडी कुणाची, हे शोधायला गेलात तर हाती काही लागायचं नाही. लबाडी नव्हतीच कुणाची. होती ती नुसती भीड. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

चक्की म्हणजे पिठाची नव्हे. वाऱ्यावर फिरून वीज करणारी, घराच्या नाहीतर दुकानाच्या गच्चीवर मावेल एवढी पवनचक्की. डोंगरावर तीन लांब हात पसरून उभ्या असतात तशी नाही. हिची पाती उभी, मधल्या दांड्याभोवती, पिंप उभं चिरून थोडं उघडावं तशी. वारा पुढून येवो, मागून येवो, हिला तोंड फिरवावं लागत नाही. गाव उंचावर, वाऱ्याला तोटा नाही, आणि वीज मात्र सरकारी पाहुण्यासारखी, आली तर आली. अशा गावात ही चक्की न चालती तरच नवल.

कानवाल्यांचं हे नाव मात्र चक्कीच्या आधीचं. विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. तिथे एखादी मोटार कुरकुरायला लागली की सगळे त्यांना हाक मारायचे. मग हे लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचे, त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला घण पडत असायचे, पत्रे कापले जात असायचे, आणि हा माणूस देवाचं नाव ऐकावं तसा उभा. डोळे उघडले की सांगायचे, आतली एक गोळी झिजलीय. उघडून बघावं तर झिजलेली असायची. आधी चेष्टेने आणि मग आदराने लोक त्यांना कानवाले म्हणायला लागले, आणि खरं नाव रेशनपुरतं उरलं.

आता गंमत बघा. ज्या कारखान्याने त्यांच्या कानाला नाव दिलं, त्याच कारखान्याचे घण तो कान रोज थोडा थोडा खात होते. पण हे कळणार कसं? केस पिकले तर आरशात दिसतं, दात पडला तर जिभेला कळतं. ऐकू न आलेला आवाज मात्र आपण ऐकला नाही, हे सांगायला येत नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी तिथलं लोखंड कातायचं एक जुनं लेथ मशीन घरी आणलं आणि तळमजल्यावरच्या शेडमध्ये बसवलं. बायको म्हणाली, घरात सून यावी तसं आणताय. ते म्हणाले, सून बोलेल, हे बोलणार नाही. त्या शेडमध्ये पहिली चक्की झाली आणि घराच्या गच्चीवर चढली. जिन्यातला दिवा तिच्यावर लागला त्या संध्याकाळी दोघं नवराबायको उगाचच जिना चढली-उतरली.

त्या पहिल्या चक्क्या खरोखरच मुक्या होत्या. हे कुणीही नाकारणार नाही. प्रत्येक चक्की बाहेर जाण्याआधी ते मोठ्या पंख्यासमोर फिरवायचे, स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचे, आणि जराशी कुठे कुणकुण आली की सगळी खोलून पुन्हा बसवायचे. बेकरीवाल्याने एक घेतली. टेलरबाईंनी एक घेतली, शिलाई मशीनवरच्या दिव्यासाठी. सायकलवाल्याने घेतली, चष्मेवाल्याने घेतली. बसवून झालं की कानवाले गिऱ्हाइकाला चक्कीखाली उभं करायचे आणि विचारायचे, "ऐकू येतंय का काही?" गिऱ्हाईक म्हणायचं, नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पैसे घेतानाही यायचं नाही.

मग त्यांना एक सुचलं, आणि तिथेच घात झाला. पाती दांड्याला धरून ठेवणारे जे आडवे हात असतात, ते जड होते. वारा मंद असला की चक्की सुरू व्हायला आढेवेढे घ्यायची. त्यांनी हातांना ओळीने भोकं पाडली. वजन उतरलं, चक्की झुळकीलाही फिरायला लागली. पंख्यासमोर फिरवली, कान लावला. आतून नेहमीचा, खालच्या पट्टीतला, पोट भरल्या मांजरासारखा घुरघुराट येत होता. बाकी सारं शांत. त्यांना वाटलं, आजवरच्या कष्टाचं चीज झालं.

आणि माणूस दिलदार. नव्या गिऱ्हाइकाला चांगला माल आणि जुन्याला जुना, हे त्यांना पटेना. म्हणून ते स्वतः शिडी घेऊन गावभर हिंडले आणि ज्यांच्या ज्यांच्या गच्चीवर त्यांची मुकी चक्की होती, त्या प्रत्येकाचे जुने हात काढून नवे भोकांचे हात बसवून आले. फुकट. बेकरीवाला नको नको म्हणत होता. त्याला त्यांनी दटावलं की मला परका समजतोस का.

त्याच सुमाराला घरातल्या घड्याळाचा गजर वाजेनासा झाला. त्यांनी घड्याळ खोललं, साफ केलं, जोडलं. तरी वाजेना. बायको म्हणाली, राहू द्या, मी उठवत जाईन. सकाळची पाखरं हल्ली कमी झालीत, असंही ते एकदा म्हणाले. बायको पोळीला तेल लावावं तशी त्या बोलण्यावरून हात फिरवून गेली. समोरच्या झाडावर तेव्हा पाखरांचा नुसता बाजार भरलेला होता.

आवाज कसा होता हे गावाला विचारा. वारा जरा वाढला की त्या भोकांमधून अशी बारीक, धारदार शीळ निघायची की दाताच्या मुळाशी जाऊन बसायची. बेकरीवाला पहाटेपासून राबून दुपारी झोपणारा माणूस. त्याची झोप उडाली. टेलरबाईंनी खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. पण सांगणार कोण? बेकरीवाल्याचं कणीक मळायचं यंत्र ऐन सणात, म्हणजे त्याच्या धंद्याच्या ऐन दिवसांत, अडलं होतं तेव्हा याच माणसाने जेवण टाकून त्याला कान लावला होता. टेलरबाईंच्या मशीनला ते येता-जाता तेल घालून जायचे. आणि चक्कीखाली उभं करून ते विचारायचे, ऐकू येतंय का काही? त्यांचे ते डोळे बघून "हो" म्हणायला माणूस दगडाचाच हवा. गावात दगड होते, पण ते रस्त्यावर. माणसं म्हणायची, नाही काका, काही नाही. ते जिना उतरून गेले की वर जाऊन चक्की दोरीने बांधून टाकायची.

नवी मागणी येईनाशी झाली. कानवाल्यांना आधी वाटलं, दिवस असतात एकेक. मग एकदा बाजारातून येताना त्यांनी मान वर केली तर बेकरीवरची चक्की उभी. पुढे टेलरबाईंची उभी. चष्मेवाल्याची तर खांबासकट गायब. त्यांनी बेकरीवाल्याला विचारलं. तो भट्टीत तोंड घालून म्हणाला, वारा पडलाय काका हल्ली. त्याच्याच धुराड्यातला धूर तेव्हा आडवा होऊन पलीकडच्या गल्लीत पळत होता. कानवाल्यांनी तो पाहिला, आणि तरीही बेकरीवाल्यावर विश्वास ठेवला. घरी येऊन बायकोला सांगितलं की गावात उंच घरं झाल्याने वाऱ्याच्या वाटा बदलल्या असणार. कागदावर काढूनही दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, असेल बाई.

आपली स्वतःची चक्की मात्र रोज फिरते, याचा त्यांना आधार होता. सकाळी वर जाऊन बघावं तर फिरत असायची, संध्याकाळी फिरत असायची. ऐकू येतंय का काही, असं बायकोला विचारावं तर तीही नाही म्हणायची. दुपारचं त्यांना ठाऊक नव्हतं, कारण दुपारी ते शेडमध्ये असायचे.

लेथ मशीन विकायची वेळ आली. घेणारा येऊन बघूनही गेला. त्याने मशीनवर हात फिरवला तेव्हा कानवाले पाठ करून उभे राहिले. आणि तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. गावात नव्या होत्या, चार खाटांचा दवाखाना थाटला होता, वीज जाते म्हणून मेटाकुटीला आल्या होत्या. कुणीतरी त्यांना चक्कीचं सांगितलं, पण आवाजाचं सांगितलं नाही. त्यांची अट एकच होती. वरच्या मजल्यावर रोगी झोपतात, तेव्हा आवाज चालायचा नाही.

कानवाल्यांना हसूच आलं. जन्मभर ज्या एका गोष्टीचा हट्ट धरला, तीच कुणीतरी आपणहून मागायला आलं होतं. ते म्हणाले, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. वारा सुटेल त्या दिवशी घरी या आणि स्वतःच्या कानांनी ऐका. एका दवाखान्याने घेतली की बाकीचे घेतील, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. मशीन घेणाऱ्याला त्यांनी थांबायला सांगितलं. घरी सांगितलं तेव्हा बायकोच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. त्यांना वाटलं, आनंदाने.

तो दिवस उजाडला तो वारा घेऊनच. झाडं वाकत होती, दारं आपटत होती. कानवाल्यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. डॉक्टरबाई दुपारी आल्या. बायको चहाचं आधण ठेवून वर कपडे काढायला गेली होती. वाऱ्याने उडतील म्हणाली. हे दोघं जिना चढून गच्चीवर आले तेव्हा चादरी वाळत घालायच्या दोरीवर फडाफडा आपटत होत्या आणि चक्की मात्र उभी होती. तिच्या एका पात्याला दोरी गुंडाळून कठड्याच्या गजाला बांधलेली. गाठ कपड्याच्या दोरीला असते तशी, दुहेरी, टोक आत खोचलेली. ती गाठ कानवाले लग्न झाल्यापासून बघत होते.

बायको कठड्यापाशी उभी होती, चादर छातीशी धरून.

ते हसले. डॉक्टरबाईंना म्हणाले, हिला चादरींची काळजी. वाऱ्याची चक्की वाऱ्यातच बांधून ठेवायची, म्हणजे उपाशी माणसाला पंगतीत हात बांधून बसवल्यासारखी गत. बायको म्हणाली, "अहो, आज राहू द्या ना." ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. वाकून त्यांनी गाठ सोडली.

चक्कीने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि मग पाती दिसेनाशी झाली. कानवाले तिच्याकडे बघत होते, बाप मुलीकडे बघतो तसे. डोळे तिच्यावरच ठेवून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "ऐकू येतंय का काही?"

उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी वळून पाहिलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते. बोट दारात सापडावं तसा चेहरा आक्रसला होता. क्षणभर कानवाल्यांना वाटलं, यांना काहीतरी होतंय. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती डॉक्टरबाईंकडे बघत नव्हती. ती कानवाल्यांकडेच बघत होती, आणि रडत होती.

डॉक्टरबाई जवळ आल्या. कानाशी तोंड नेऊन, पण ओरडून नाही, म्हणाल्या, "काका, तुम्हाला हे खरंच ऐकू येत नाही?"

बाई नव्या होत्या. त्यांच्या कणकेच्या यंत्राला कुणी कान लावला नव्हता, त्यांच्या मशीनला कुणी फुकट तेल घातलं नव्हतं. म्हणून त्या विचारू शकल्या. वाईट मुळीच नव्हत्या. जाताना त्यांनी कान तपासून घ्यायला सांगितलं, आणि हेही सांगितलं की वरच्या पट्टीतलं जे गेलंय ते परत यायचं नाही. दवाखान्याचं जमणार नाही, हे वेगळं सांगावं लागलं नाही. चहा तसाच राहिला.

कानवाले पाण्याच्या टाकीच्या कडेला बसले. चक्की फिरतच होती. ती थांबवायचं दोघांपैकी कुणाला सुचलं नाही. त्यांनी विचारलं, केव्हापासून? बायको म्हणाली, नवे हात बसवले तेव्हापासून. ती रोज दुपारी बांधायची आणि संध्याकाळी ते वर यायच्या आत सोडायची. बेकरीवाला, टेलरबाई, सगळ्यांना तिनेच हात जोडले होते की त्यांना सांगू नका, बांधून ठेवा.

"तू तरी सांगायचंस."

"काय सांगू? तुमचा कान गेला म्हणून सांगू?" ती म्हणाली. "कारखाना गेला तेव्हा तुम्ही जेवलात. पोरगी सासरी लांब गेली तेव्हाही जेवलात. हे सांगितल्यावर तुमच्याजवळ राहिलं काय असतं?"

त्यांना बेकरीवाल्याचा भट्टीतला चेहरा आठवला. टेलरबाईंच्या खिडकीतल्या चिंध्या आठवल्या. त्या थंडीसाठी असतील असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. अख्खं गाव त्यांच्यावर दया करत होतं आणि ते शिडी खांद्यावर टाकून रस्त्याने ऐटीत चालत होते. लाज अशी आली की आपल्याच हातांकडे बघवेना.

मग, जन्माची सवय म्हणा, त्यांनी विचारलं, आवाज कसा होतो?

बायकोने विचार केला. "बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की होतो ना, तसा. पण बारीक. सुईसारखा. वारा वाढला की सुई आत जाते."

कानवाले उठून उभेच राहिले. बाटलीचं तोंड. भोकं. हातांना ओळीने पाडलेली उघडी भोकं. एवढंच? पाचदहा मिनिटांचं काम होतं. कुणी एकाने, एकदाच, बाटलीसारखा आवाज येतो म्हटलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथे चिकटपट्टी लावून ती भोकं बुजवली असती. वजन तेवढंच राहिलं असतं, चक्की मुकी झाली असती, बेकरीवाला झोपला असता, आणि मशीन शेडमध्ये राहिलं असतं. सगळ्यांनी त्यांना दुखवायचं नाही म्हणून ठरवलं होतं, आणि त्या दयेत सगळं बुडालं होतं.

ते खाली जाऊन पत्र्याला लावायची जाड चिकटपट्टी घेऊन आले. चक्की धरून थांबवली. एकेक हात पुसला, एकेक भोकावर पट्टी बसवली, अंगठ्याने दाबून कडा चिकटवल्या. हातांना अजून सगळं येत होतं. बायको पट्टीचं बंडल धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला होता.

त्यांनी चक्की सोडली. पाती पुन्हा दिसेनाशी झाली. वारा तसाच होता, चादरी तशाच आपटत होत्या. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खांबावर टेकवून मूठ कानामागे लावली. तोच खालचा, मांजराचा घुरघुराट. आधीही तोच होता. कान काढला तर तीच शांतता, जी सकाळी होती, काल होती, नवे हात बसवले त्या दिवशी होती. एका शांततेतून दुसरी वेगळी काढायची कशी?

"ऐकू येतंय का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. मग भराभर म्हणाली, "बंद झाला हो. अगदी बंद झाला. काही येत नाही."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. हे तेच तोंड होतं. एवढे दिवस या गच्चीवर उभं राहून "नाही" म्हणणारं, मायेने, न चुकता. आताच्या "नाही"त आणि कालच्या "नाही"त काय फरक आहे, ते शोधत राहिले. ती शपथ घ्यायला लागली. त्यांनी हात वर करून थांबवलं. बेकरीवाल्याला बोलवावं, असं मनात आलं. तो येईल, हात पुसत जिना चढेल, वर बघेल आणि म्हणेल, नाही काका, काही नाही. टेलरबाई तेच म्हणतील. सगळं गाव तेच म्हणेल. खरं सांगणारी एकच बाई गावात होती, आणि ती आता हा जिना पुन्हा चढणार नव्हती. कुठल्या तोंडाने तिला बोलवायचं?

आवाज खरंच बंद झाला होता. त्या गच्चीवर तेव्हा चादरींची फडफड आणि समोरच्या झाडावरची पाखरं, यापलीकडे काहीही ऐकू येत नव्हतं.

कानवाल्यांनी बायकोकडे दोरी मागितली. तिने दिली नाही, तेव्हा तिच्या हातातून काढून घेतली. चक्की थांबवून, पात्याला वळसा देऊन ती कठड्याच्या गजाला बांधली, दुहेरी, टोक आत खोचून. मग मशीन घेणाऱ्याला उद्या यायला सांग म्हणाले, आणि जिना उतरून गेले.